दगड फोडून भूकंपाची तारीख कळत नाही हो!

गेला आठवडाभर एकच मेसेज फिरतोय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या, मग सासरच्या, आणि काल तर साइटवरच्या चहावाल्याने मोबाईल पुढे करून विचारलं, साहेब हे खरंय का. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाने लॅबमध्ये दगड फोडून फोडून भूकंपाचं गुपित शोधलंय, एआय लावलं की त्याला तारीख आणि वेळ दोन्ही कळतं पण सगळी सरकारं मिळून ते दडवतायत. पालघर-डहाणूला धक्के बसतात ती मुंबईची सुरुवात आहे (आणि चार ओळी खाली, त्याच धक्क्यांनी जमिनीतलं प्रेशर कमी होतंय म्हणून काळजी नको!). मेट्रोच्या बोगद्याने मुंबईखालचा फॉल्ट (जमिनीतली मोठी भेग, जिच्यावर दगड सरकतो) उघडा पाडलाय. येत्या अमावस्येला ग्रह एका रेषेत आले की ८.२ चा भूकंप. ज्यांची बिल्डिंग काळ्या कातळावर आहे त्यांनी घाबरू नये, बाकीच्यांनी गावी जावं. आणि शेवटी, मोबाईलवर आधी अलर्ट येतो म्हणजे कंपन्यांना माहीत असतंच.

माझं काम बोअर मारायचं. म्हणजे टॉवर उभा राहायच्या आधी प्लॉटवर मशीन लावून खाली काय लागतंय ते बघायचं, भराव, चिखल, मुरूम, कातळ, आणि वर आलेले कोअर (दगडाचे गोल दांडे) पेटीत ओळीने लावून निवडक तुकडे दाबून फोडायला लॅबला पाठवायचे. तेव्हा दगड फोडणं हा आमचाही धंदाच आहे, आणि दगड फोडणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावर काहीही खपवलं की जरा जास्तच लागतं. म्हणून हा लांबलचक प्रपंच.

तर आधी तो शास्त्रज्ञ. हे अगदीच हवेतून आलेलं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस या सरकारी प्रयोगशाळेच्या टीमने, त्यात बर्ट्रांड रूए-लेडुक हे मुख्य नाव, खरंच असा प्रयोग छापला होता, आणि यंत्र होतं पेन स्टेट युनिव्हर्सिटीत ख्रिस मरोन यांच्या लॅबमधलं. तीन ठोकळे, त्यांच्यामधल्या दोन फटींत काचेच्या अगदी बारीक मण्यांचा थर, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरायचं आणि मधला ठोकळा सावकाश रेटत राहायचा. जड टेबल फरशीवरून ढकलताना कसं होतं, जोर लावतोय लावतोय, हलत नाही, आणि मग खर्रकन एकदम सरकतं आणि पुन्हा अडतं, तसंच तिथे होतं, अडतं सरकतं, अडतं सरकतं. प्रत्येक सरकणं म्हणजे एक बारका भूकंप समजा. अडलेलं असतानाही आतून अगदी बारीक आवाज येत असतात, कानाला न ऐकू येणारे, सेन्सरला पकडता येणारे. आधी लोक त्याला नुसता खरखराट समजायचे. या मंडळींनी ते आवाज कॉम्प्युटरला शिकवले आणि कॉम्प्युटर कुठलाही छोटा तुकडा ऐकून सांगायला लागला की पुढचं सरकणं अजून किती वेळाने आहे. भारी काम आहे, वादच नाही. पुढे कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाखाली जे अतिशय सावकाश, दिवसचे दिवस चालणारं सरकणं असतं, साधारण दर वर्ष-सव्वा वर्षाने होणारं, तिथेही ही पद्धत बऱ्यापैकी चालली.

आता फॉरवर्डवाल्याने काय गिळलं ते बघा. लॅबमधला फॉल्ट हाताच्या पंजाएवढा, त्यावर दाब किती ते मीटरवर दिसतंय, सेन्सर सेंटीमीटरच्या अंतरावर चिकटवलेले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे थोड्या थोड्या सेकंदांनी तेच तेच सरकणं पुन्हा होतंय, त्यामुळे कॉम्प्युटरला शिकायला धड्यांची काही कमी नाही. आपल्याकडे? कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा झाला, साधारण १८० माणसं गेली, मुंबईतही लोक झोपेतून उठले होते. तेवढा मोठा तिथे त्याआधी नाही नंतर नाही. एका उदाहरणावर काय शिकणार कॉम्प्युटर? किल्लारीला तर ३० सप्टेंबर १९९३ च्या आधी तो भाग मोठ्या भूकंपाचा म्हणून कुणी मोजतच नव्हतं. शिवाय खालचं ऐकायला सेन्सर खाली लागतो. कोयनेचे भूकंप होतात ते जमिनीखाली साधारण दहा किलोमीटरच्या आत, आणि आपले लोक त्यांच्या जवळ जायचं म्हणून तिथे गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल बोअर मारून बसलेत, २०१७ मध्येच झालं ते काम, कराडला त्याची लॅब आहे. आमच्या धंद्यात तीस-चाळीस मीटर गेलं की क्लायंट बिल बघून कुरकुरतो, तिथे ३ किलोमीटर!! हे सगळं उघड छापलेलं आहे, कुणीही वाचावं. यात दडवायचं काय आहे तेच मला समजत नाही.

आणि समजा सुरुवात पकडता आली, तरी आकार कळत नाही. फॉल्टवर एखादा छोटा तुकडा सुटतो, तिथून फाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटरच्या वेगाने पळत सुटते, ती शंभर मीटरवर थांबली तर कुणाला कळतही नाही, पंधरा-वीस किलोमीटर गेली तर कोयना. कुठे थांबणार ते वाटेतल्या दगडावर किती ताण साठलाय त्यावर ठरतं आणि तो तुकड्या-तुकड्यावर वेगळा.

दगड फोडणाऱ्या शास्त्रज्ञाने तारीख सांगितली, असं खरंच एकदा झालंय बरं का. फॉरवर्डवाल्याला माहीत असतं तर त्याने ते वापरलंच असतं, अर्थात शेवट कापून. ब्रायन ब्रेडी म्हणून अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समध्ये शास्त्रज्ञ होते. खोल खाणीत दगड अचानक स्फोटासारखा फुटतो, माणसं मरतात, तो कसा फुटतो आणि आधी काही कळतं का हा त्यांचा अभ्यास. १९७० च्या दशकात त्यांनी पेपरांची मालिका लिहिली आणि म्हणणं असं मांडलं की लॅबमधला नमुना असो, खाण असो की भूकंप, तुटण्याची रीत एकच, फक्त आकार वेगळा. कागदावर फार देखणी कल्पना आहे ही. त्यावरून त्यांनी पेरूच्या किनाऱ्याजवळ, लिमापाशी, नऊच्या वरचा महाभूकंप १९८१ च्या मध्याला होणार असं सांगितलं, २८ जून ही तारीख लोकांच्या तोंडी झाली. लिमात घबराट. आणि सरकारने दडवलं का? उलट, जानेवारी १९८१ मध्ये अमेरिकेच्या भूकंप-अंदाज तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीने ब्रेडींना समोर बसवून सगळं ऐकून घेतलं, उलटसुलट प्रश्न विचारले, आणि जाहीरपणे सांगितलं की याला आधार नाही. २८ जूनला यूएसजीएसचा (अमेरिकेची सरकारी भूगर्भ संस्था) जॉन फिल्सन हा भूकंपतज्ज्ञ मुद्दाम लिमात जाऊन राहिला, लोकांची भीती जावी म्हणून. काही झालं नाही. पेरूत मोठे भूकंप होतात, २००७ मध्ये पिस्कोजवळ ८.० चा झालाच, पण त्याची तारीख कुणीच दिली नव्हती.

ब्रेडी लबाड होते असं मला अजिबात वाटत नाही. त्या काळात हवाच तशी होती. दगड फुटायच्या आधी आत असंख्य केसासारख्या भेगा उघडतात, दगड किंचित फुगतो, त्यातून जाणाऱ्या लहरींचा वेग कमी होतो, हे एमआयटीत विल्यम ब्रेस वगैरे लोकांनी १९६० च्या दशकात लॅबमध्ये दाखवलं होतं, आणि मग ताजिकिस्तानातल्या गार्म भागातून बातमी आली की खऱ्या भूकंपाआधीही वेग बदललेला दिसला. १९७३ च्या सुमाराला भल्याभल्यांना वाटत होतं की आता झालंच, दहा वर्षांत अंदाज द्यायला लागू. मग नीट, काटेकोर मोजायला लागले तर बहुतेक ठिकाणी तो बदल सापडेचना. चीनने १९७५ मध्ये हायचेंगला आधी लोक बाहेर काढले, खूप जीव वाचले, हे खरं. पण तिथे आधी छोट्या धक्क्यांची माळच लागली होती. पुढच्याच वर्षी तांगशानला अशी सूचना मिळाली नाही आणि सरकारी आकड्याप्रमाणेच २ लाख ४२ हजार माणसं गेली. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला भूकंप ठरावीक वर्षांनी येतो असं दिसलं म्हणून सगळा फॉल्ट यंत्रांनी मढवून ठेवला, १९९३ च्या आत येणार म्हणाले, तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, आणि येताना एवढ्या यंत्रांपैकी एकालाही धड इशारा नाही.

आता पालघर. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, बारीक धक्क्यांची रांग लागलीये, त्यातले मोठे म्हणजे चारच्या आसपासचे. तिथल्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्यात, त्यांची चेष्टा करायचं काही कारण नाही. पण ‘प्रेशर रिलीज होतंय’ हे मात्र गणितात बसत नाही. मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाचा तो आकडा, एकने वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट. म्हणजे सहाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला चारचे हजार लागतील, तीनचे लागतील बत्तीस हजार. इतके होत नाहीत. आणि कोयनेचंच घ्या, १९६२ ला धरणात पाणी भरायला लागले तेव्हापासून धक्के सुरू होते, पाच वर्षं ‘प्रेशर रिलीज’ चालूच होतं, आणि मग १९६७. मग उलट ‘छोटे धक्के म्हणजे मोठ्याची सुरुवात’ हे खरं का? तेही नाही. अशा रांगा जगात कितीतरी ठिकाणी लागतात आणि बहुतेक नुसत्याच विरून जातात. मोठा होऊन गेल्यावर मागे वळून म्हणता येतं की ते पूर्वधक्के होते, आधी म्हणता येत नाही. हे उत्तर कुणालाच आवडत नाही, मला माहितीये. इटलीत लाक्विलाला २००९ मध्ये हेच झालं, छोटे धक्के चालू होते, लोकांना घाबरू नका असं सांगितलं गेलं, ६ एप्रिलला ६.३ चा आला, ३०९ माणसं गेली, सहा शास्त्रज्ञांना २०१२ मध्ये शिक्षा झाली आणि २०१४ ला अपिलात ते सुटले. म्हणून सांगतो, ‘येणार’ म्हणणारा आणि ‘येणार नाहीच’ म्हणणारा, दोघंही सारखेच माहिती नसताना बोलत असतात.

मेट्रो. यावर मला खरं तर जास्त लिहायचंय कारण ती कामं मी जवळून बघितलीत. कुलाबा-वांद्रे-सीप्झचे बोगदे साधारण वीस-पंचवीस मीटर खाली. तिथे वरच्या दगडाचा दाब किती, तर सहा-सात वातावरणाइतका. भूकंप जिथे जन्मतो तिथे, समजा पाच किलोमीटरवर, तो तेराशेच्या पुढे जातो. टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं यंत्र, त्या खोलीच्या जवळपासही नाही. खणल्याने दगड फुटतो हे खोटं नाही, आपल्याच देशात कोलारच्या सोन्याच्या खाणीत ३ किलोमीटर खाली दगड असे फुटायचे की वर घरं हादरायची, ब्रेडींचा अभ्यास तसल्याच फुटण्याचा होता. पण ते ३ किलोमीटर होतं, पंचवीस मीटर नाही. बोगद्यामुळे शेजारच्या जुन्या बिल्डिंगला तडे जाणं, जमीन खचणं, पाणी बोगद्याकडे वळणं, या तक्रारी वेगळ्या आहेत आणि जरूर कराव्यात. त्याला भूकंप म्हटलं की कॉन्ट्रॅक्टर सुटला!

माणसामुळे भूकंप होतो तो बहुतेक वेळा पाण्याने. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून लष्कराच्या कारखान्याचं घाण पाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबून सोडलं, लगेच धक्के सुरू झाले. मग रेंजलीच्या तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम पाण्याचा दाब वाढवून-कमी करून धक्के चालू-बंद करून दाखवले. भेगेतल्या पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंना जो दगड घट्ट दाबून बसलाय त्याची पकड सैल होते. कोयनेला तेच, हर्ष गुप्ता आणि एनजीआरआयच्या (हैदराबादची भूभौतिक संशोधन संस्था) लोकांनी हयात घालवली त्याच्यावर. पाणी ताण तयार करत नाही, ताण आधीच असतो, पाणी फक्त कडी काढतं. आपल्याला पाणी देणाऱ्या भातसा धरणाजवळसुद्धा १९८३ मध्ये धक्के बसले होते. हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही कारण त्यात मेट्रो नाही.

अमावस्या आणि ग्रह यावर वेळ नाही घालवत. चंद्र-सूर्याच्या ओढीने खडकावर भरती-ओहोटी होते, तिचा अगदी पुसट परिणाम काही भूकंपांच्या वेळेवर दिसतो, तेवढं खरं. पण तसं तर दर पंधरा दिवसांनी उधाण येतं, दर उधाणाला मुंबई हलते का? शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची भरती आणणारी ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या भागाइतकीही नाही. आणि तो ८.२ चा आकडा. एवढ्या भूकंपाला दीड-दोनशे किलोमीटर लांबीचा फॉल्ट एका दमात फाटावा लागतो, म्हणजे हिमालय, जपान, चिली असल्या, पृथ्वीच्या कवचाच्या प्लेटा एकमेकींना भिडतात त्या जागा. मुंबई प्लेटच्या पोटात आहे. इथे सहा-साडेसहाची भीती बाळगा, ती खरी आहे आणि ती पुरेशी आहे.

आता काळा कातळ, ज्याच्यासाठी मी मुळात लिहायला बसलो. काय वाटतं लोकांना, बसाल्ट कडक, म्हणून फुटणार नाही, म्हणून भूकंप नाही. आमच्याकडे कोअर फोडतात तेव्हा ताजा काळा बसाल्ट कधी कधी शंभर मेगापास्कलच्या (एक मेगापास्कल म्हणजे साधारण दहा वातावरणाइतका दाब) वरही जातो, मोठा आवाज करून फुटतो, पोरं मागे सरकतात. पण भूकंपात फॉल्टवरचा ताण उतरतो तो साधारण एक ते दहा मेगापास्कल. म्हणजे अखंड कातळ फोडायला लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्याचा, कधी शंभराव्या. हे कोडं होतं बरीच वर्षं. १९६६ मध्ये ब्रेस आणि जेम्स बायर्ली यांनी लॅबमध्ये आधीच कापलेला ग्रॅनाइट दाबून सरकवला आणि म्हणाले, अहो भूकंप म्हणजे नवा दगड फुटणं नसेलच, जुन्या भेगेवरचं अडणं आणि सरकणं असेल. वर सांगितलेला काचेच्या मण्यांचा प्रयोग याच्याच वंशातला. पुढे १९७८ मध्ये बायर्लींनी ढीगभर दगडांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं की खोलवरच्या दाबाखाली बहुतेक सगळ्या दगडांचं घर्षण जवळजवळ सारखंच असतं, ०.६ ते ०.८५, मग तो कडक असो की मऊ, बसाल्ट असो की ग्रॅनाइट, काही चिकणमात्या तेवढ्या वेगळ्या निघतात. तुमच्या कातळाचा कडकपणा इथे मोजलाच जात नाही! आणि अखंड कातळ मुंबईत आहे कुठे, अंधेरीला गिल्बर्ट हिल जाऊन बघा, ते जे उभे खांब दिसतात ते लाव्हा थंड होताना आकसला त्याच्या भेगांनीच पडलेत. शिवाय कोयनेला वरचा बसाल्ट साधारण एक-सव्वा किलोमीटरच निघाला, खाली जुना ग्रॅनाइटी खडक, आणि भूकंप होतात ते त्या खालच्यात. वर काय अंथरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

पण फॉरवर्डमधली अर्धी गोष्ट चुकून बरोबर आहे. भूकंप होण्या-न होण्याशी कातळाचा संबंध नसला तरी, झाल्यावर तुमची बिल्डिंग किती हलते याच्याशी पायाखालच्या जमिनीचा फार संबंध आहे. मुंबई म्हणजे बेटं आणि मधला भराव. शिवडी-वडाळ्याकडे बोअर मारला की खाडीचा काळा चिखल येतो, लिबलिबीत, कोअर पेटीत उभा राहत नाही. असल्या जमिनीत हलणं वाढतं. मेक्सिको सिटी १९८५, भूकंप साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब किनाऱ्यावर, आणि पडलं काय तर जुन्या तळ्याच्या गाळावरचं शहर. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे २६ जानेवारी २००१, भूकंप कच्छमध्ये आणि सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर अहमदाबादेत नव्या बिल्डिंगा बसल्या, शेकडो माणसं गेली. त्यातल्या बऱ्याच अशा होत्या की खाली पार्किंगसाठी नुसते खांब, भिंती नाहीत, आणि वर सगळे मजले भरलेले. ओळखीचं वाटतंय ना? मुंबईत दुसरं काय बांधतोय आपण! किल्लारीला सुमारे दहा हजार माणसं गेली ती जमीन फाटून नाही, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावरचं जड माळवद अंगावर आलं म्हणून.

२००२ च्या आयएस १८९३ च्या (भूकंपात टिकतील अशा इमारतींसाठीचं भारतीय मानक) नकाशात मुंबई झोन तीनमध्ये होती, कोयना चारमध्ये, आकडा मोठा तेवढा धोका जास्त. म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारायचा प्रश्न ‘अमावस्या कधी’ हा नाही. स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, खालच्या पार्किंगच्या खांबांना जॅकेटिंग (बाहेरून मजबुतीचं जादा कवच) लागणार का, त्या चौथ्या मजल्यावरच्याने हॉल मोठा करायला कुठली भिंत पाडली, रीडेव्हलपमेंटच्या बिल्डरने सॉइल रिपोर्ट दाखवला का, की शेजारच्या प्लॉटचा चिकटवला (होतं असं, फार होतं).

राहिला मोबाईलचा अलर्ट. भूकंप झाल्यावर दोन प्रकारच्या लहरी निघतात, पहिली वेगवान आणि सौम्य, दुसरी हळू आणि नुकसान करणारी, आणि फोनचा सिग्नल दोन्हींपेक्षा कितीतरी वेगाने जातो. कोयनेला आता सुरू झाला तर दुसरी लहर मुंबईपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर यायला पाऊण ते एक मिनिट घेईल, तेवढ्यात तिकडच्या फोनांनी हलणं ओळखलं तर इकडे काही सेकंद आधी घंटी वाजेल. भूकंप तोवर होऊन गेलेला असतो, त्याची नुसती वर्दी आधी पोचते. जपान हे २००७ पासून देशभर करतंय, अँड्रॉइडवर भारतात २०२३ मध्ये आलं. सेटिंग्जमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सीत अर्थक्वेक अलर्ट्स म्हणून असतं, आईबाबांच्या फोनमध्येही चालू आहे का बघा, आणि वाजलं तर लिफ्टकडे पळू नका, टेबलाखाली शिरा.